तोळ्याचा भाव आणि छापाचा भाव

चांदीच्या जुन्या रुपयाला दोन भाव असतात. सराफ तो तराजूत टाकतो, टंच धरतो आणि त्या दिवसाच्या दराने पैसे सांगतो. नाण्यांचा व्यापारी तराजूकडे नंतर वळतो. आधी साल, टाकसाळ आणि चेहऱ्यावरची झीज बघतो. राणी व्हिक्टोरियाचा छाप असलेला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. चांदी किलोला १ लाख रुपये धरली तर धातूचा हिशेब १,०६९ रुपयांवर संपतो. नेमक्या त्याच वजनाचा आणि त्याच कसाचा, पण १९३९ सालचा रुपया लाखाच्या पुढे जातो. ही तफावत संग्राहकांच्या हौसेने अलीकडे निर्माण केली असे वरवर वाटते. प्रत्यक्षात धातूचा भाव आणि छापाचा भाव यांची ओढाताण कोकणात निदान चारशे वर्षे चालू आहे, आणि दरवेळी तिचा निकाल भट्टीने लावला आहे.

नवी मुंबईतल्या खारघरात हा दोन भावांचा प्रश्न बहुधा देवघरातून निघतो. लक्ष्मीपूजनात मांडायचे दोन-चार राणीछाप रुपये गावच्या घरातून नव्या फ्लॅटमध्ये आलेले असतात. ते मोडीत घालावेत की ठेवावेत, हे विचारायला माणूस जवळच्या सराफाकडे तरी जातो, नाहीतर मुंबईतल्या नाणेव्यापाऱ्याकडे. वसाहत नवी आहे. ती वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापनाच १७ मार्च १९७० ची. त्याआधी खारघर, बेलपाडा, कोपरा, ओवे, मुर्बी ही पनवेल तालुक्यातली भातशेतीची गावे होती आणि त्यांचा बाजार पनवेलचा. पनवेल हे खाडीवरचे बंदर. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून होडीने पनवेल आणि तिथून घाट, असा पुण्याचा प्रवास रुळला. मुंबईचा पैसा आणि घाटावरचा पैसा जिथे एकमेकांना भेटतो, तिथे सराफाला काम पडतेच, कारण दोन्हीकडच्या रुपयांची जात एक नव्हती.

कोकण किनाऱ्यावर रुपयाच्याही आधी आणि काही काळ त्याच्या बरोबरीने लारी चालत असे. चांदीच्या तारेचा पाच ग्रॅमच्या आतबाहेरचा तुकडा मधोमध दुमडायचा आणि त्याच्या दोन्ही पायांवर ठसा मारायचा, एवढीच तिची घडण. इराणी आखातातून आलेली ही तऱ्हा विजापूरच्या आदिलशाहीनेही उचलली, आणि रत्नागिरी जिल्ह्यात अशा लाऱ्यांचे साठे सापडले आहेत. लारीवर मजकूर जेमतेम वाचता येतो. तिचे मोल तारेच्या वजनात होते आणि ती मोडून वितळवताना कोणाला वाईट वाटत नसे. आज नाण्यांच्या बाजारात हीच वाकडी तार चांदीच्या भावाच्या कितीतरी वर विकली जाते, आणि तारेवर राजाचे नाव वाचता येत असेल तर आणखी चढी.

शेरशाह सूरच्या काळात ठरलेला आणि मोगलांनी पुढे चालवलेला रुपया हा मात्र छापाचा पैसा होता. त्या वर्षीचा ताजा शिक्का पूर्ण किमतीला चाले. गेल्या वर्षांचे आणि गेलेल्या बादशहाचे रुपये वजनाला पुरे असले तरी बट्टा कापून घेतले जात. मराठ्यांनी ही पद्धत बदलली नाही, उलट तिच्यात गुंतागुंत वाढवली. पेशवाईत टाकसाळी परवान्यावर चालत. परवानेदार सरकारला ठरलेली रक्कम भरी आणि लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देई. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी रुपया असे अनेक रुपये एकाच वेळी बाजारात फिरत. त्यांवर नाव बहुधा दिल्लीच्या बादशहाचे. ओळख पटायची ती अंकुशासारख्या खुणेवरून. कस आणि वजन टाकसाळीगणिक थोडे बदले, म्हणून कर्जाच्या कागदात नुसते ‘शंभर रुपये’ लिहून भागत नसे. कोणत्या जातीचे शंभर, तेही लिहावे लागे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमलातील चलन आणि टाकसाळींवर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यात हा सगळा पसारा आला आहे.

सराफाचा बट्टा त्या काळापासून बदनाम आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी तर त्याला शुद्ध लूट मानले. ते पूर्ण खरे नाही. ज्या बाजारात एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीशी बसत नाही, तिथे कस पाहून हमी देणारा माणूस हवाच, आणि त्याची मजुरी बट्ट्यातून वसूल होई. सराफ रुपया दगडावर वाजवी, कडेला छिन्नीची बारीक खूण करी, आतून तांबे निघत नाही ना ते बघे. या खुणा त्या रुपयांवर आजही दिसतात. वजनाच्या गिऱ्हाइकाला त्यांचे सोयरसुतक नाही. संग्राहक मात्र अशा खुणेपोटी किंमत पाडून मागतो. वास्तविक तेवढी एक खूण ते नाणे बाजारात खरोखर फिरले असल्याचा पुरावा असते, पण हौसेच्या बाजाराला पुराव्यापेक्षा चेहरा प्यारा.

या रुपयांची आणखी एक गंमत छापात आहे. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे हातोड्याच्या घावाखाली ठशाचा एखादा भागच चकतीवर उतरे. टाकसाळीचे नाव किंवा साल बहुधा काठाबाहेर जाई. चारचौघांसारख्या रुपयांच्या ढिगात एखाद्यावर नाव आणि साल दोन्ही पूर्ण उतरलेले असले, तर आज त्याला दुसऱ्यांच्या दुप्पट-तिप्पट दाम मिळू शकतो. त्या काळच्या सराफाला हा फरक दिसला असता, पण त्याने त्याबद्दल दमडी जास्त दिली नसती.

कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला: १८० ग्रेन वजन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. मुंबईच्या किल्ल्यातली वाफेच्या यंत्रांची टाकसाळ त्याआधी काही वर्षेच उभी राहिली होती. मेजर जॉन हॉकिन्स या इंजिनिअर अधिकाऱ्याने ती बांधली. इथले रुपये गोल, कडेला दाते पाडलेले आणि एकासारखे एक. जुन्या जातीचे रुपये सरकारी खजिन्यात वजनाने घेतले गेले आणि वितळून नव्या छापात आले. अंकुशी आणि चांदवडी रुपये अशा रीतीने हजारोंनी भट्टीत गेले. जे कुठल्या तरी भिंतीत, मडक्यात किंवा गळ्यातल्या माळेत अडकून राहिले तेवढेच आज संग्रहांत आहेत.

नव्या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा ठेवले होते, आणि ही सोय लोकांनी ताबडतोब पकडली. रुपया हे नाणेही झाले आणि वजनही. सराफाच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात रुपये टाकून चांदी तोलली जाई, आणि तोडे, वाळे, कमरपट्टा अमुक रुपयेभार आहेत असे सांगितले जाई. ‘भार’ हा शब्द खेड्यापाड्यांत अजून ऐकू येतो, फक्त दशमान पद्धत आल्यावर व्यवहारात त्याचा तोळा दहा ग्रॅमवर आला. जुना डाग जुन्या भाराने सांगितला आणि नव्या भाराने तोलला, की घरात भांडण ठरलेले.

एकोणिसाव्या शतकात वजन आणि छाप यांच्यात अंतर फार नव्हते. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टाकसाळीत जावे, सुमारे दोन टक्के खर्च द्यावा आणि रुपये घेऊन यावे, अशी मुभा होती. म्हणून शेतकऱ्याच्या घरातले शंभर तोळे शुद्ध चांदीचे दागिने आणि शंभराच्या आसपास रुपये यांत फरक होता तो घडणावळीचा. वर्ष चांगले गेले तर रुपयांचा डाग करायचा, वर्ष वाईट गेले तर डागाचे रुपये करायचे. चांदी हीच बचत होती आणि हाच विमा होता.

ही गाठ २६ जून १८९३ रोजी सुटली. १८७० नंतर जर्मनीने चांदीचे चलन सोडले, अमेरिकेतल्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि जगभर चांदीचा भाव घसरत गेला. रुपयाचा लंडनचा दर त्याबरोबर खाली येऊ लागला. ‘होम चार्जेस’, म्हणजे कारभाराचा लंडनमध्ये द्यायचा खर्च, पौंडांत भरणाऱ्या सरकारला हे परवडेना, तेव्हा हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टाकसाळींची दारे लोकांच्या चांदीला बंद झाली. रुपयांचा पुरवठा आता सरकारच्या हातात राहिला. चार-पाच वर्षांत रुपया १६ पेन्सवर स्थिरावला, आणि त्यातली चांदी मात्र सुमारे १० पेन्सची. उरलेले ६ पेन्स निव्वळ छापाचे.

या घटनेचा अर्थ चलनाच्या पुस्तकांत विनिमय दराच्या अंगाने सांगितला जातो. घरातल्या डब्याच्या अंगाने तो अधिक कडू आहे. ज्याच्याकडे रुपये होते त्याची किंमत टिकली. ज्याने तेच रुपये मोडून बायकोचे तोडे केले होते, त्याची बचत रुपयाच्या मापात घसरली. लगेच १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन मोठे दुष्काळ मुंबई इलाख्यावर आले. दागिने विकायची वेळ नेमकी तेव्हा आली जेव्हा ते टाकसाळीत चालेनासे झाले होते आणि बाजारात सगळेच विकायला उभे होते. १८९८ साली चलनाचा प्रश्न तपासणाऱ्या फाउलर समितीपुढे दादाभाई नौरोजींनी सरकारच्या चलनधोरणाविरुद्ध बाजू मांडली, ती याच काळात. समितीने धोरण बदलले नाही.

पहिल्या महायुद्धात पारडे उलटे फिरले. चांदीची मागणी वाढली, भाव चढला, आणि लंडनला औंसामागे ४३ पेन्सची रेषा ओलांडली की १६ पेन्सच्या रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होत होती. ती रेषा ओलांडली गेली. छापाच्या किमतीला रुपया मिळवायचा आणि वजनाच्या किमतीला वितळवायचा, हा सरळ नफ्याचा धंदा झाला. सरकारने १९१७ मध्ये नाणी वितळवण्यावर बंदी घातली, त्याच वर्षाच्या अखेरीला एक रुपयाची नोट काढली, आणि पुढच्या वर्षी अडीच रुपयांचीही. अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले सुमारे २६ कोटी डॉलर वितळवून चांदी ब्रिटनला विकली. ती हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. फेब्रुवारी १९२० मध्ये औंसाचा भाव साडेएकोणनव्वद पेन्सवर पोचला आणि मग कोसळला. त्या तीन-चार वर्षांत कायद्याला चुकवून किती रुपये मुशीत गेले, ते कोणत्याच वहीत नोंदलेले नाही.

महायुद्धाच्या थोडे आधीचा एक प्रकार संग्राहकांच्या बाजारात अजून सांगितला जातो. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरील हाराच्या पदकात हत्ती होता. सोंड तोकडी, शेपूट तोकडे. लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांच्या भावना दुखावतील अशी ओरड झाली. रुपयांचे वाटप थांबले, बहुतेक नाणी परत वितळली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड ठळक करून नवा ठसा आला. १९११ आणि १९१२ या दोन रुपयांत चांदी रतीभरही कमी-जास्त नाही. १९१२ चा रुपया आज सर्रास मिळतो आणि धातूच्या भावाला चिकटून जातो. १९११ च्या रुपयाला त्याच्या अनेक पट मिळतात.

दुसऱ्या महायुद्धाने चांदीच्या रुपयाची अखेर केली. १९४० पासून त्यात चांदी निम्मी राहिली. बाकी ४० टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. नकली नाणी ओळखता यावीत म्हणून कडेच्या दात्यांच्या मधून खाच काढली गेली. जुने चांगल्या चांदीचे रुपये परत घेण्यासाठी त्यांची कायदेशीर चाल बंद केली: व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये, पंचम आणि षष्ठ जॉर्जचे १९४३ मध्ये. षष्ठ जॉर्जचे चांगल्या चांदीचे रुपये मुळात १९३८ आणि १९३९ अशा दोनच सालांचे. युद्ध तोंडावर आल्यावर १९३९ चे फारच थोडे लोकांच्या हाती पडले, आणि म्हणून तो रुपया एवढा महाग आहे. १९४५ नंतर चांदी रुपयातून गेलीच, आणि निकेलचा रुपया आला.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत राणीछाप रुपया हा सराफाच्या लेखी मोड होता. चांगल्या कसाचा, वजन ठाऊक असलेला, सहज वितळणारा माल. हुपरी आणि खामगाव इथल्या चांदीच्या कारागिरीला अशी मोड लागतच असते. कित्येक रुपयांना आधीच कडी लावून ते माळेत ओवलेले होते. अशा रुपयाचा संग्राहकाला उपयोग नाही, आणि सराफही डाकामुळे टंच उतरतो म्हणून घट कापतो. दोन्ही भावांत मार खाणारा चांदीचा रुपया तो हाच. नुकसानीचा आणखी एक प्रकार दिवाळीचा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रुपये रिठ्याच्या पाण्यात उकळून, दात घासायच्या पावडरीने चोळून लखलखीत केले जातात. वजनात त्याने काही जात नाही. पण दीडशे वर्षांत चढलेली काळसर निळी छटा आणि तिच्याखालचे केसांचे बारीक कोरीवकाम एका दुपारी निघून जाते, आणि त्याबरोबर संग्राहकही.

वजन सारखे असताना किंमत कुठे फुटते, याचे सगळ्यात बारीक उदाहरण व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयात सापडते. हे साल घेऊन रुपये पुढे बारा वर्षे, म्हणजे १८७४ पर्यंत पाडले गेले. खरे वर्ष कळावे म्हणून ठशात बारीक ठिपके देत. भिंगाखाली ते मोजून दुर्मीळ आणि सामान्य वेगळे केले जातात. पूजेच्या डब्यातल्या पाच राणीछाप रुपयांत चार मोडीचे आणि एक ठिपक्यांचा, असे होऊ शकते. आणि सराफाला पाचही एकाच दराने दिलेले असू शकतात. यात सराफाने फसवले असे म्हणता येत नाही. त्याने चांदी घेतली, चांदीचे पैसे दिले.

स्वतंत्र भारताने चांदीचे नाणे पुन्हा काढले ते स्मृतिनाणे म्हणून. १९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे. ते मोठ्या संख्येने निघाले आणि जपूनही ठेवले गेले, त्यामुळे त्याचा भाव आजही त्यातल्या १२ ग्रॅम चांदीभोवतीच घुटमळतो. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी निघालेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. हे मिश्रण म्हणजे १९४० च्या युद्धकाळातल्या रुपयाचेच. अशी नाणी टाकसाळ डबीत घालून चांदीच्या भावापेक्षा बऱ्याच जास्त दामाने विकते. ती पुन्हा विकताना ती वाढ मिळेलच असे नाही. सराफांच्या दुकानातली लक्ष्मी-गणपतीची नाणी याहूनही सरळ: घेताना चांदी अधिक घडणावळ, देताना नुसती चांदी. चांदी म्हणून साठवायची असेल, तर कोरी वीट किंवा साधे ९९९ टंचाचे नाणे बरे. छापाचे पैसे भरायचे नाहीत आणि पुढे मागायचेही नाहीत.

दोन्ही भावांना आता नकलेची भीती आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास राणीछाप रुपयांच्या नव्या नकला बाजारात येतात. काही हलक्या चांदीच्या, काहींत चांदी नावापुरती. खरा रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरतो, झिजलेला थोडा कमी. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या जवळ. लोहचुंबकाला चिकटत नाही. कडेचे दाते सारखे आणि उभे. यातले काहीही घरच्या छोट्या काट्यावर आणि पट्टीवर तपासता येते. त्यापलीकडे कस पाहायला सराफाकडचे यंत्र आहे. चांदीच्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे हॉलमार्किंग २००५ पासून ऐच्छिक आहे, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात प्रत्येक डागाला स्वतंत्र ओळख क्रमांक आला. ही हमी टंचाची. नाणे खरे आहे का आणि ते किती चांगल्या अवस्थेत आहे याची हमी वेगळी. ती देणाऱ्या खासगी संस्था नाणे प्लास्टिकच्या कुपीत बंद करून श्रेणी लिहितात, आणि मोठ्या लिलावांत अशा कुपीला मान आहे.

कायदाही हे दोन भाव वेगळे मानतो. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या गुप्तधन कायद्यापासून आहे; खारघरसारख्या भागात, जिथे कित्येक वर्षे पाया खणणे थांबलेले नाही, ते लक्षात ठेवण्याजोगे. १९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरातन वस्तू ठरते आणि सरकारच्या परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. पंचम जॉर्जचे चालू चलनातले रुपये १९२२ नंतर पाडले गेले नाहीत. म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज या तिघांचेही झाडून सगळे चलनी रुपये आता या व्याख्येत आले आहेत. अमेरिकेतल्या नातवाच्या बारशाला आजीने सामानात टाकलेला राणीछाप रुपयाही त्यातच मोडतो. १९३८ आणि १९३९ चे रुपये अजून बाहेर आहेत. त्यांची शंभरी २०३८ आणि २०३९ मध्ये भरते.